‘ओळखा आणि सोडवा’ : अवकल समीकरणांच्या पहिल्या पाठाविषयी

पदवीच्या वर्गात गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला अवकल समीकरणांचा, त्याच्या भाषेत ‘डी.ई.’चा, पहिला अभ्यासक्रम ज्या रीतीने शिकवला जातो, ती रीत वाङ्मयाच्या अध्यापकाला फार ओळखीची वाटावी अशी आहे. फळ्यावर समीकरण लिहिले जाते आणि पहिला प्रश्न येतो : हे कोणत्या प्रकारचे? ‘व्हेरिएबल सेपरेबल’, ‘होमोजिनिअस’, ‘एक्झॅक्ट’, ‘लिनिअर’, ‘बर्नोली’, ‘क्लेरो’ असे कप्पे आधीच तयार असतात. कप्पा सापडला की त्या कप्प्याची ठरलेली कृती करायची, शेवटी एक स्थिरांक लिहायला विसरायचे नाही, की गुण पदरात पडले. ‘खालील ओळींतील वृत्त ओळखा’, ‘अलंकार ओळखून त्याचे लक्षण लिहा’ या प्रश्नांवर ज्यांची हयात गेली (विद्यार्थी म्हणून की परीक्षक म्हणून, हा भाग वेगळा) त्यांना हा वर्ग परका वाटणार नाही. आम्ही वाङ्मय शिकवणाऱ्यांपैकी. एका सत्रात अशा वर्गाच्या मागच्या बाकावर बसण्याची मुभा गणिताच्या एका प्राध्यापकांनी आम्हाला दिली, आणि तेथे जे ऐकले-पाहिले त्यावरून बनलेले मत येथे मांडायचे आहे. मत थोडक्यात असे : या अभ्यासक्रमात समीकरण सोडवायला शिकवतात, वाचायला शिकवत नाहीत, आणि या न वाचण्याची किंमत गणिताच्या विद्यार्थ्यापेक्षा इतरांनाच अधिक मोजावी लागते.

मुळात हे समीकरण म्हणजे काय, ते सांगायला हवे. शाळेतल्या समीकरणात अज्ञात असते ती एक संख्या. ती सापडली की काम संपले. अवकल समीकरणात अज्ञात असते ती एक संपूर्ण वाटचाल. चहाचा कप टेबलावर ठेवला आहे. त्याचे तापमान एखाद्या क्षणी किती वेगाने उतरते, हे त्या क्षणी तो खोलीपेक्षा किती गरम आहे यावर अवलंबून असते. फरक जितका अधिक, तितकी घसरण जलद. समीकरण एवढेच. न्यूटनच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम ‘दहा मिनिटांनी चहा किती गरम असेल’ याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो फक्त ‘आत्ता’ आणि ‘आत्ताच्या लगेच पुढे’ यांतील नाते सांगतो. खोली ३० अंशांवर आहे, चहा ९० अंशांवरून पहिल्या पाच मिनिटांत ७० वर आला. तर पुढल्या पाच मिनिटांत तो ५० वर येईल असे साधी बुद्धी सांगते. समीकरण तसे सांगत नाही. खोलीशी असलेला साठ अंशांचा फरक पाच मिनिटांत चाळीस झाला, म्हणजे दोन तृतीयांश उरला. पुढेही पाच मिनिटांनी त्याचे दोन तृतीयांशच उरणार, आणि चहा सुमारे ५६.७ अंशांवर असणार. क्षणाचा नियम आणि आरंभाची स्थिती, या दोहोंतून सगळी पुढची कथा निघते. नियम सर्व कपांना सारखा. आरंभ मात्र ज्याचा त्याचा. कादंबरीच्या अभ्यासकाला यात काही ओळखीचे दिसत नसेल तर नवल.

या विषयाचा जन्मही वाङ्मयाच्या माणसाला रुचावा असा आहे. २४ ऑक्टोबर १६७६ रोजी न्यूटनने लाइब्निझला पोहोचावे म्हणून ओल्डेनबर्गला जे दीर्घ पत्र लिहिले, त्यात आपल्या शोधाचे मर्म त्याने एका लॅटिन वाक्यात सांगितले. पण ते वाक्य लिहिले नाही. त्यातील अक्षरे मोजून, कोणते अक्षर किती वेळा आले एवढाच आकडा त्याने दिला. आपल्याकडे महानुभावांनी ‘सकळ’ लिपीत ग्रंथ झाकून ठेवले, त्यांना या वृत्तीचे आश्चर्य वाटले नसते. त्या झाकलेल्या वाक्याचा आशय असा, की राशी दिलेल्या असता त्यांच्या बदलाचे वेग काढणे, आणि उलट. सारा खेळ त्या शेवटच्या ‘आणि उलट’मध्ये आहे. राशीवरून वेग काढणे हे तुलनेने सोपे, यांत्रिक काम; वेगांच्या नात्यावरून राशीकडे परत जाणे म्हणजे अवकल समीकरणांचे शास्त्र.

येथे एक विषयांतर अपरिहार्य आहे, कारण असा विषय निघाला की सभेत कोणीतरी भास्कराचार्यांचे नाव घेतेच. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे, हे खरे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याचा कोरीव लेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, हेही खरे. परंतु क्षणाची गती विचारात घेणे वेगळे, आणि गतीच्या नियमातून संपूर्ण मार्ग शोधण्याचे शास्त्र उभारणे वेगळे. दुसरे काम सतराव्या शतकातील युरोपात झाले, आणि तसे म्हणण्यात आपला काही तोटा नाही. आम्हाला अभिमानापेक्षा तो शब्द मोलाचा वाटतो. ‘अवकलज’ हा आजचा पारिभाषिक शब्द ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ‘तात्कालिक गती’ म्हटले की निम्मे शिकवून झाले. परिभाषा घडवणाऱ्या मंडळींनी हा शब्द का उचलला नाही, याचे कोडे आम्हाला उलगडलेले नाही.

असो. वर्गाकडे वळू. ‘ओळखा आणि सोडवा’ ही पद्धत आली कोठून, याचा माग लागतो तो व्हिक्टोरियन इंग्लंडच्या पाठ्यपुस्तकांत. जॉर्ज बूलचा ग्रंथ १८५९ चा, फोर्सिथचा १८८५ चा, पियाजिओचा १९२० चा. सोडवता येणाऱ्या समीकरणांचे त्यांनी केलेले वर्गीकरण, आणि त्याबरोबर येणारे उदाहरणांचे ढीग, आपल्या विद्यापीठांत घराघरांतल्या जुन्या तांब्यापितळेसारखे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बूलसारखा तर्कज्ञ केवळ क्लृप्त्यांचा संग्राहक नव्हता, हे सांगायलाच हवे. पण पुस्तकातून अभ्यासक्रम होताना आणि अभ्यासक्रमातून प्रश्नपत्रिका होताना जे गळायचे ते गळले. जॉर्ज सिमन्सच्या १९७२ च्या पुस्तकाने प्रकरणांच्या अधूनमधून गणितज्ञांची चरित्रे आणि इतिहास आणला. ते पुस्तक आपल्याकडेही वापरले जाते. त्यातील इतिहास ‘परीक्षेला नाही’, हे विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कळते.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे ती एक गैरसमज पेरते : समीकरण म्हटले की त्याला सूत्ररूप उत्तर असतेच, आपल्याला कप्पा तेवढा सापडायला हवा. वस्तुस्थिती उलटी आहे. आलेखाच्या प्रत्येक बिंदूपाशी वक्राचा उतार हा त्या बिंदूच्या दोन अंकांच्या वर्गांची बेरीज असावा, इतके निरुपद्रवी दिसणारे समीकरण घ्या. परिचित फलने आणि त्यांची समाकलने यांच्या जोडाजोडीतून याचे उत्तर लिहिता येत नाही, हे लियूव्हिलने १८४१ साली सिद्ध केले. ‘आम्हाला जमले नाही’ असे नव्हे, ‘कोणालाच जमणार नाही’ असे. सुटणारी समीकरणे ही बागेतली झाडे. बाहेर रान पसरले आहे. पोआँकारेने १८८१ पासूनच्या आपल्या निबंधांत हे ओळखून प्रश्नच बदलला. सूत्र मिळत नसेल तर न मिळो. वक्र कसे वागतात ते तर पाहू. ते कोठे स्थिरावतात, कोठे घिरट्या घालतात, कोठे एकमेकांपासून दूर पळतात? याच वाटेने जाताना त्याने तीन ग्रहगोलांच्या प्रश्नावर स्वीडनच्या राजाचे पारितोषिक १८८९ साली मिळवले, छापून झालेल्या निबंधातली चूक त्याच्याच ध्यानात आली, आणि आधीची आवृत्ती मागे घेऊन नवी छापण्याचा खर्च त्याने पारितोषिकाच्या रकमेहून अधिक सोसला. त्या दुरुस्तीतून पुढे ज्याला ‘केऑस’ म्हणू लागले त्याची पहिली ओळख झाली. पाठचिकित्सेच्या इतिहासात इतकी फलदायी शुद्धिपत्रे आम्हाला आठवत नाहीत.

हे सारे पहिल्या अभ्यासक्रमात यावे असा आमचा आग्रह नाही. पण त्या अनुत्तरित समीकरणाचे चित्र तर काढता येते! कागदावर ठिकठिकाणी, त्या त्या जागी समीकरण जो उतार सांगते त्या उताराची बारीक रेघ मारायची. शंभरेक रेघा झाल्या की शेतातल्या वाऱ्याने झुकलेल्या गवतासारखे काही दिसू लागते, आणि कोठूनही पेन्सिल टेकवली तर ती कोणत्या वाटेने जाईल हे डोळ्यांना कळते. याला एक पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो. आम्ही बसलो त्या सत्रात हे चित्र एकदाही निघाले नाही. उलट ज्या कृतींवर सगळे तास खर्च झाले, त्या आज कोणाच्याही फोनवरचा प्रोग्राम क्षणार्धात करून देतो.

गणिताचे शिक्षक यावर जे म्हणतात ते नीट ऐकून घेण्यासारखे आहे. हात बसल्याशिवाय डोळा बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. वृत्तांचा कान तयार व्हायला लगक्रम पाठ करावाच लागतो, तसे हे. आम्हाला हे मान्य आहे. ‘इंटिग्रेटिंग फॅक्टर’ ही युक्ती पहिल्यांदा समजली तेव्हा तिचे सौंदर्य आम्हालाही जाणवले : विस्कटलेल्या समीकरणाला एका योग्य गुणकाने गुणले, की डावी बाजू एकदम एका गुणाकाराची तात्कालिक गती होऊन बसते. यमक जुळल्याचा आनंद याहून फार निराळा नसतो. परंतु लगक्रम पाठ झाल्यावर कविता कधीच वाचायची नाही, असा नियम केला तर? तक्रार कृतींविषयी नाही. कृतींनंतर जी शांतता पसरते तिच्याविषयी आहे.

ही तक्रार आमच्यासारख्या उपऱ्यांचीच आहे असेही नाही. एमआयटीत वर्षानुवर्षे हा विषय शिकवलेल्या जान-कार्लो रोटा यांनी १९९७ च्या आपल्या व्याख्यानात या अभ्यासक्रमाची जी हजेरी घेतली, ती गणिताच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. क्लृप्त्या नकोत, संकल्पना शिकवा, हा त्यांचा मुख्य रोख. मिठाच्या पाण्याच्या टाक्यांसारख्या शाब्दिक उदाहरणांनाही त्यांनी सोडले नाही, आणि ते योग्यच केले. कोणत्याही गावात कोणीही ज्या टाकीत मिठाचे पाणी मोजून सोडत नाही, ती टाकी पाठ्यपुस्तकांत शतकभर भरते आणि रिकामी होते आहे. मात्र त्यांच्या एका सल्ल्याशी आम्ही असहमत आहोत. उत्तर अस्तित्वात आहे का आणि ते एकच आहे का, या सिद्धान्तांची चर्चा पहिल्या पाठात नको, असे ते म्हणतात. सिद्धता नको, हे ठीक. पण प्रश्न हवाच, कारण या विषयातला सर्वांत वाङ्मयीन प्रश्न तोच आहे.

बुडाला भोक असलेली बादली घ्या. पाणी किती वेगाने उतरते ते पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असते. टॉरिचेल्लीचा हा नियम. भरलेली बादली दिली तर ती केव्हा रिकामी होईल हे समीकरण नेमके सांगते. आता उलट करा. समोर रिकामी बादली आहे; ती केव्हा भरलेली होती? दहा मिनिटांपूर्वी, काल, की ती कधी भरलीच नव्हती? समीकरण तेच, नियम तोच, पण या सर्व भूतकाळांचा शेवट एकाच रिकाम्या बादलीत होतो, आणि त्यांतला खरा कोणता हे समीकरण सांगू शकत नाही. आरंभावरून पुढचे ठरते. शेवटावरून मागचे ठरेलच असे नाही. केव्हा ठरते आणि केव्हा नाही, याची अट गणिताने काटेकोरपणे शोधून काढली आहे, आणि ती सांगायला एक तास लागतो. एका अवशेषावरून लेखकाचे चरित्र, समाज आणि हेतू उभे करण्याची ज्यांना सवय आहे, त्या आम्हा समीक्षकांना तर हा तास सक्तीचा करावा.

आता ज्या उदाहरणासाठी हे सारे लिहायला घेतले, ते. वर्गात साथीच्या रोगांचे समीकरण आले ते ‘एस-आय-आर मॉडेल’ या नावाने. लोकसंख्येचे तीन गट : अद्याप न झालेले, झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून बाजूला गेलेले. नव्याने रोग होण्याचा वेग पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. बाजूला जाण्याचा वेग दुसऱ्या गटाच्या प्रमाणात. लोकसंख्या १,००० धरा, आरंभी एक रोगी धरा, सोडवा. हे हजार लोक कोठले, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. वस्तुतः या समीकरणांचा उगम ज्या निबंधात आहे, त्या कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधातला आलेख मुंबईचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने आठवड्याला किती माणसे मेली, त्याचे ठिपके, आणि त्यांतून जाणारा समीकरणाचा वक्र. वक्राचे शिखर आठवड्याला ८९० मृत्यूंचे आहे, आणि ते सतराव्या आठवड्याच्या सुमारास येते. मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले होते. कर्मॅक हे १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिरलेले हे समीकरण आपल्या मुंबईच्या मृतांवर पहिल्यांदा तपासले गेले. हे मुंबईपासून फार दूर नसलेल्या त्या वर्गात कोणाला माहीत नसावे, यात केवळ माहितीचा अभाव नाही. समीकरणाला गाव नसते अशी जी शिकवण नकळत दिली जाते, तिचे हे फळ आहे.

मुंबईत प्लेग आला १८९६ साली. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढल्या वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. या तारखा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. १९०५-०६ चा आलेख म्हणजे त्यानंतरही वर्षानुवर्षे परत येत राहिलेल्या त्याच साथीचा एक हंगाम. आपण या साथीचा राजकीय इतिहास वाचतो आणि आत्मचरित्रे वाचतो, आणि तिचे गणित वाचणारा वर्ग शेजारच्या इमारतीत ‘लोकसंख्या १,००० धरा’ म्हणत बसलेला असतो.

त्या गुणाकाराकडे पुन्हा पाहू. न झालेले गुणिले झालेले. हा गुणाकार एक विधान करतो : या शहरात कोणीही कोणालाही सारख्याच सहजतेने भेटतो. चाळीतला मजूर आणि मलबार हिलवरचा शेठ यांची भेट होण्याची शक्यता दोन शेजाऱ्यांच्या भेटीइतकीच आहे. समीकरणातील एका फुलीच्या चिन्हात केवढे समाजशास्त्र दडले आहे! त्यातही प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो उंदरांचा, पिसवांमार्फत पसरणारा रोग. मग या समीकरणातली ‘लोकसंख्या’ कोणाची? येथे मूळ निबंधाचे लेखक जे करतात ते कोणत्याही टीकाकाराने शिकावे असे आहे. ते सांगतात, की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आम्ही गृहीत धरले आहे. सर्व उंदीर सारखेच रोगप्रवण, बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची सारखीच शक्यता, वेगांचे स्थिरांक हंगामभर कायम, अशी आणखीही गृहीतके आहेत. यांतले एकही काटेकोरपणे खरे नाही, म्हणून हे आकडे अगदी ढोबळ समजावेत. वक्र ठिपक्यांवर इतका सुरेख बसलेला असताना हे लिहिले आहे. पाठ्यपुस्तकांनी वक्र घेतला आणि ही टीप टाकून दिली. २०१२ साली फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी हा जुना आलेख पुन्हा तपासला आणि मुंबईतला प्लेग ऋतूंनुसार चढत-उतरत होता हे पुढे ठेवले. दरवर्षी त्याच सुमारास येणारे शिखर स्थिर गुणकांच्या समीकरणाने समजावता येत नाही, असा त्याचा अर्थ. वक्र जुळला म्हणून कथा खरी ठरत नाही. ठिपक्यांविषयीही विचारता येते. घरझडतीच्या आणि सक्तीच्या स्थलांतराच्या भीतीने लोक रुग्ण लपवत, हे १८९७ च्या पुण्याच्या हकिकतींतून आपल्याला माहीत आहे. नोंदलेला मृत्यू आणि घडलेला मृत्यू यांत अंतर असते, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. दस्तऐवज वाचण्याची सवय लागते.

हे सारे पुन्हा आपल्या दारात आले ते २०२० साली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, आणि ‘आर’चा आकडा, ‘आलेख सपाट करणे’, ‘शिखर केव्हा’ ही भाषा मराठी वर्तमानपत्रांत रुळली. लोकांनी ते आलेख पत्रिकेसारखे पाहिले : शिखर मेमध्ये की जूनमध्ये, साडेसाती केव्हा संपणार. यात लोकांचा दोष फारसा नाही. ज्यांनी डी.ई.चा पेपर देऊन पदवी घेतली होती, त्यांनाही तो आलेख हे भाकीत नसून ‘असे असे धरले तर’ या शब्दांनी सुरू होणारे विधान आहे, हे कोणी शिकवले नव्हते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे आणि रिकाम्या बंगल्यात दोन, यांना एकाच गुणाकारात बसवणारे समीकरण कोठे खरे आणि कोठे खोटे ठरेल, हा प्रश्न विचारायला समाकलन येण्याची गरज नव्हती. समीकरण वाक्यासारखे वाचता येण्याची होती.

ही दोन वाचने एकाच माणसात नांदू शकतात याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दा. ध. कोसंबी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला माहीत असतात ते इतिहासकार म्हणून, आणि भर्तृहरीच्या सुभाषितांचे (१९४८) व वि. वि. गोखले यांच्यासह विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’चे (१९५७) संपादक म्हणून. गणिताच्या विद्यार्थ्याला ते फारसे माहीतच नसतात. पण १९३३ साली त्यांनी दुसऱ्या क्रमाच्या अवकल समीकरणांच्या संहतीविषयी जो प्रश्न विचारला, त्यावरून उभ्या राहिलेल्या सिद्धान्ताला आजही कोसंबी, कार्तां आणि चर्न या तिघांच्या नावाने ओळखतात. तो प्रश्न ‘कसे सोडवावे’ हा नव्हता. समीकरण कोणत्याही निर्देशकांत लिहिले, लिहिण्याची तऱ्हा बदलली, तरी त्यात न बदलणारे असे काय आहे, हा होता. शेकडो हस्तलिखितांतून भर्तृहरीचा पाठ निश्चित करणाऱ्या संपादकाचा प्रश्न याहून फार वेगळा नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. साम्य ओढूनताणून आणू नये हे आम्हाला कळते. म्हणून एवढेच नोंदवतो की प्राचीन नाण्यांचा काळ ठरवण्यासाठी हाच माणूस हजारो नाणी तोलत बसला होता, कारण चलनात फिरणारे नाणे झिजते आणि झिजण्याला वेग असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या नव्या आराखड्यात कलाशाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्याशाखेतला खुला ऐच्छिक विषय घेण्याची सोय आहे. या सोयीचे काय होईल याची आम्हाला धास्ती आहे. ‘गणिताचा रंजक इतिहास’ किंवा ‘दैनंदिन जीवनातील गणित’ असे काहीतरी पातळ करून वाढले जाईल, आणि साहित्याच्या मुलांना यापेक्षा झेपत नाही असे दोन्ही विभाग परस्परसंमतीने ठरवून टाकतील. त्याऐवजी अवकल समीकरणांचा खराखुरा पहिला पाठ त्यांना द्यावा, आणि तो गणिताच्या मुलांबरोबर एका वर्गात द्यावा. कप्पे सहांऐवजी दोन पुरेत. रेघांचे चित्र प्रत्येकाने हाताने काढावे. बादलीचा तास घ्यावा. मिठाच्या टाकीला निवृत्त करावे. गणिताच्या मुलाने गुणक काढावा आणि मराठीच्या मुलाने त्या गुणकात कोण राहून गेले ते विचारावे. पुढल्या आठवड्यात कामे बदलावीत. हे शिकवायला दोन शिक्षक लागतील आणि ते एकमेकांशी बोलत असावे लागतील, ही या योजनेतली खरी अडचण आहे, पैशाची नव्हे.

परीक्षेचा प्रश्नही आम्ही काढून ठेवला आहे. १९०५-०६ च्या मुंबईचा तो आलेख द्यावा, शेजारी तीन समीकरणे द्यावीत, खाली लेखकांनी स्वतः सांगितलेली गृहीतके मराठीत द्यावीत, आणि विचारावे : यांपैकी कोणते गृहीतक मांडवीत सर्वांत आधी मोडले असेल, आणि ते मोडल्यावर समीकरणातले कोणते पद बदलावे लागेल? उत्तर दोन पानांत लिहावे. याला दहा गुण द्यायचे की पंधरा, हे अभ्यासमंडळाने ठरवावे.